रिसेल फ्लॅट विकायचाय? मग फोटो आजचे टाका, सविस्तर सांगतो कसे

पुण्यात रिसेलच्या व्यवहारांमध्ये वावरताना एक गोष्ट सतत दिसते, घर चांगलं असतं, भावही ठीक असतो, सोसायटीची कागदपत्रं क्लिअर असतात आणि तरी घर महिनोन्महिने विकलं जात नाही, कारण जाहिरातीतले फोटो आणि प्रत्यक्ष घर यांचा मेळच बसत नाही. फोटो असतात वास्तुशांतीच्या वेळचे. मधल्या काळात दोन भाडेकरू येऊन गेले, हॉलचा रंग उडाला, बाथरूमच्या भिंतीला ओल आली, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बारा मजले चढले. पण मालक अमेरिकेत किंवा दुबईत, त्याच्याकडे तेच जुने फोटो आहेत म्हणून तेच पाठवले जातात.

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. तो रविवारी बायको, आईवडील सगळ्यांना गाडीत घालून, वाकडच्या नाहीतर कात्रजच्या ट्रॅफिकमधून येतो, दार उघडतं आणि पहिल्या मिनिटाला त्याला कळतं की फोटोत होतं ते हे नाही. मग तो घर बघतच नाही, खोट शोधायला लागतो. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, सांगितलाय तेवढा खरंच आहे का, मेंटेनन्सची थकबाकी तर नाही ना, लोनची एनओसी आहे ना, सगळ्यावर शंका. आणि ऑफर दिलीच तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त भाव पाडून देतो. म्हणून माझं ठाम मत आहे की फोटोचं काम घर सुंदर दाखवणं हे नाही, ज्याला हे घर खरंच चालणार आहे त्यालाच दारापर्यंत आणणं हे आहे. ज्याला पूर्वेकडचा उजेड हवाच आहे त्याला पश्चिमेच्या घराचे सकाळसारखे उजळवलेले फोटो दाखवून बोलावण्यात दोघांचाही रविवार वाया जातो.

आता एकेक करून घेऊ.

आधी ठरवा घरासोबत काय जाणार

कॅमेरा हातात घेण्याआधी घरात एक चक्कर मारा आणि यादी करा, काय राहणार आणि काय तुम्ही घेऊन जाणार. एसी, गीझर, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, झुंबर, पडद्याचे रॉड, पंखे, किचनच्या ट्रॉल्या, चिमणी. व्यवहारात सगळ्यात जास्त कटकटी याच गोष्टींवरून होतात, घेणारा म्हणतो फोटोत एसी होता, विकणारा म्हणतो मी सेमी फर्निश्ड लिहिलं होतं. जे जाणार आहे ते शक्य असेल तर फोटोआधी काढून ठेवा, नसेल शक्य तर फोटोखाली सरळ लिहा, "एसी आणि सोफा घरासोबत नाही". हीच यादी पुढे साठेखताला, म्हणजे खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराला, जोडता येते, आणि ती जोडाच.

दुरुस्ती आधी, फोटो नंतर

ओल असेल तर ती कुठून येते ते शोधा. नुसती पुट्टी मारून वरून रंग काढला आणि लगेच फोटो घेतले तर एका पावसाळ्यात पापुद्रे परत बाहेर येतात, आणि तोपर्यंत घेणारा टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची सुरुवातीची रक्कम, देऊन बसलेला असतो. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर हाउसिंग सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे ते काम सोसायटीचं आहे, सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर वरच्या मेंबरशी बोलावं लागतं, त्याला वेळ लागतो.

काम होत नसेल, वेळ नसेल, पैसे नसतील, ते समजण्यासारखं आहे. मग तो डाग जसा आहे तसा फोटोत येऊ द्या आणि खाली लिहा की मास्टर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे, वरच्या फ्लॅटचं काम बाकी आहे. लोकांना वाटतं असं लिहिलं तर कोणी येणारच नाही. येतात, आणि जे येतात ते ती गोष्ट धरूनच ऑफर देतात, व्हिजिटच्या वेळी तिथे धक्का बसत नाही. शिवाय हा फक्त चांगुलपणाचा भाग नाही. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट 1882 च्या कलम 55 मध्ये स्पष्ट आहे की जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन बघितलं तरी दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. फोटोच्या आधी रंग मारून झाकलेली ओल नेमकी याच प्रकारात मोडू शकते.

साफसफाई आणि उजेड

साफसफाईबद्दल फार सांगायला नको. ओटा रिकामा करा, बाथरूमच्या बादल्या बाहेर, दाराच्या हँडलला अडकवलेले कपडे काढा, फरशी पुसून वाळू द्या, ओल्या फरशीवर ट्यूबलाइटची रेघ उमटते.

उजेड मात्र नीट समजून घ्या. घराची प्रत्येक बाजू वेगळ्या वेळी चांगली दिसते, त्यामुळे एका तासात सगळे फोटो उरकायचा हट्ट नको. पूर्वेच्या खोल्या सकाळी आठ-नऊला, पश्चिमेचा हॉल दुपारी चारनंतर. भर दुपारी खिडकी पांढरीफटक येते आणि खोली काळी पडते. दिवसा पिवळे दिवे बंद ठेवा, नाहीतर ऊन आणि पिवळा बल्ब मिसळून भिंतीचा रंग भलताच दिसतो, क्रीम रंग केशरी वाटायला लागतो. फ्लॅश अजिबात नको.

आणि एखादी खोली खरंच अंधारी असेल, डक्टकडे (बिल्डिंगमधल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेकडे) उघडणारी असेल, तर तिचा एक फोटो दिवे लावून आणि एक दिवे बंद करून, दोन्ही टाका. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो हे घेणाऱ्याला घरी बसूनच कळू दे.

फोन कसा धरायचा

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही, हल्लीचा कुठलाही बरा फोन चालतो. पहिलं काम म्हणजे लेन्स पुसा, खिशातल्या तेलकट लेन्समुळे निम्मे फोटो धुरकट येतात. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, साधारण चार फूट, आणि एकदम सरळ. वर किंवा खाली वाकवला की भिंती तिरक्या होतात. खोलीच्या दारात किंवा कोपऱ्यात उभं राहून दोन भिंती आणि खिडकी येईल असा अँगल घ्या, मग समोरच्या कोपऱ्यातून उलट बाजूचा एक.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झूम. फोनवर 0.5 लिहिलेलं बटण असतं, वाइड अँगल. ते दाबलं की 10 बाय 10 ची बेडरूम बँक्वेट हॉलसारखी दिसते, पलंग लांबच लांब होतो, कपाट कडेला वाकतं. मोह होतो, खोली मोठी दिसते म्हणून एजंटलाही आवडतं, पण माणूस प्रत्यक्ष आला की त्याला घर आहे त्यापेक्षाही लहान वाटतं, कारण डोक्यात मोठी खोली बसलेली असते. हे आपल्याच घराचं नुकसान आहे. 1 वर ठेवूनच फोटो काढा. संडास-बाथरूम, ड्राय बाल्कनी, पॅसेज अशा अगदी चिंचोळ्या जागांमध्ये 1 वर काहीच मावत नाही, तिथे 0.5 वापरा, पण खाली माप लिहा, "बाथरूम 4 बाय 7 फूट, फोटो वाइड अँगलने काढलाय". एवढं लिहिलं की प्रश्न मिटला.

किचनवर जरा जास्त वेळ घालवा, कारण घर घेण्याचा निर्णय बऱ्याचदा किचनमध्येच होतो. दारात उभं राहून ओटा, सिंक, खिडकी आणि ड्राय बाल्कनीचं दार एकाच फोटोत घ्या, म्हणजे कशाच्या बाजूला काय आहे ते कळतं. मग एक फोटो फक्त ओट्याचा, फ्रीजची जागा धरून. आणि एक फोटो सिंकखालचं कपाट उघडून. हा फोटो जवळजवळ कोणी टाकत नाही, पण व्हिजिटला आलेली काकू किंवा आई पहिलं तेच दार उघडते, वाकून आत बघते, पाइपच्या जॉइंटला बोट लावते, प्लायवूड फुगलंय का ते चाचपते. तिथे कोरडं असेल तर तो फोटो इतर दहा फोटोंपेक्षा जास्त काम करतो. फुगलेलं असेल तर शंभर सव्वाशेचा जॉइंट आणि सुताराचा एक दिवस, आधी ते करून घ्या. पाइप गॅस असेल तर मीटरचा फोटो टाका, ग्राहक नंबर झाकून.

कुठले फोटो, कुठल्या क्रमाने

पंधरा ते वीस पुरेत. पहिला फोटो बिल्डिंगच्या एलिव्हेशनचा किंवा स्विमिंग पूलचा नको, हॉलचा हवा. मग माणूस घरात शिरल्यावर जसा फिरेल तसाच क्रम ठेवा, हॉल, बाल्कनी, किचन, बेडरूम, बाथरूम. प्रत्येक फोटोखाली खोलीचं नाव आणि टेपने मोजलेलं माप. तीन बेडरूमच्या घरात कुठली खोली कुठली हेच लोकांना कळत नाही, तीच खोली दोन अँगलने टाकली की चार बेडरूम असल्यासारखं वाटतं.

सोबत प्लॅन टाका. साठेखताला जोडलेला प्लॅन असतो, तोच फोटो काढून, नावं-सह्या झाकून, उत्तर दिशा दाखवून. एरिया लिहिताना कार्पेट लिहा आणि तो रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या, व्याख्येप्रमाणे आहे का ते बघा, म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी टेरेस त्यात धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. जुन्या करारात बिल्टअप (भिंती धरून) किंवा सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही धरून) लिहिलेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खूप घरांमध्ये बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते, भिंत पाडून खोली मोठी केलेली असते. फोटोत हॉल मस्त मोठा दिसतो. पण घेणारा लोन काढतो तेव्हा बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) येतो आणि मंजूर नकाशाशी ताडून बघतो, मग तिथे अडतं आणि टोकन झाल्यावर व्यवहार लटकतो. म्हणून त्या फोटोखाली आधीच लिहा, "बाल्कनी आत घेतलेली आहे, मूळ प्लॅन सोबत दिलाय".

खिडकीबाहेरचं आणि सोसायटीतलं

व्ह्यूचा फोटो स्वतःच्या मजल्यावरून, स्वतःच्या खिडकीतून. गच्चीवरून काढलेला डोंगराचा फोटो दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या जाहिरातीत टाकणं ही सरळ फसवणूक आहे, मग ती कितीही सर्रास चालत असो. समोर टॉवर उभा राहतोय तर क्रेनसकट येऊ दे. नाला, हाय टेन्शन लाइन, हायवे, जे आहे ते. बाणेर-बालेवाडीला काय किंवा ठाण्याला घोडबंदर रोडला काय, आजूबाजूचं बांधकाम इतक्या वेगाने बदलतं की वर्षभरापूर्वीचा खिडकीतला फोटो आज खोटा ठरू शकतो, घरात तुम्ही एक खिळासुद्धा हलवला नसला तरी.

जिम, क्लब हाउस, गार्डन यांचे बिल्डरच्या ब्रोशरमधले फोटो नकोत. आज जाऊन काढा. जिमला कुलूप असेल तर ते चालू नाही असं लिहा. लिफ्ट, एंट्रन्स, जिना यांचा एकेक फोटो पुरे, आणि काढण्याआधी सेक्रेटरीला विचारा, काही सोसायट्यांना कॉमन एरियात शूटिंग चालत नाही.

पार्किंगचा फोटो हवाच, आणि तुमच्याच जागेचा, खांबावरचा नंबर दिसेल असा, शेजारच्या गाड्यांचे नंबर झाकून. स्टिल्ट (बिल्डिंगखालचं, खांबांमधलं) आहे, ओपन आहे की स्टॅक (एकावर एक गाड्या ठेवायचं) आहे ते लिहा. स्टॅक असेल तर वरची जागा की खालची तेही. सोसायटीचं अलॉटमेंट लेटर हाताशी ठेवा, कारण स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय, त्यामुळे जाणकार घेणारा त्यावर प्रश्न विचारतोच.

काय दिसू नये

खरे फोटो म्हणजे सगळंच उघडं करणं असं नाही. मुलांचे फ्रेम केलेले फोटो, नेमप्लेट, फ्रीजवर चिकटवलेली बिलं, औषधं, तिजोरी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मेन डोअरच्या कुलपाचा जवळून फोटो, हे काही नको. बंद घर असेल तर "घर रिकामं आहे, किल्ली वॉचमनकडे" असं जाहिरातीत कधीच लिहू नका. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद करा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये घराचा अचूक पत्ता जाऊ शकतो.

घरात भाडेकरू असेल तर त्याची परवानगी घ्या, वेळ त्याच्या सोयीने ठरवा. घर तुमचं असलं तरी आतलं सामान आणि संसार त्याचा आहे. त्याला आधी सांगितलं, थोडी आवराआवर करायला दोन दिवस दिले, तर तो व्हिजिटच्या वेळीही सहकार्य करतो, दार न उघडणारा भाडेकरू कुठलाही व्यवहार थांबवू शकतो.

एडिटिंग कुठपर्यंत

फोटो सरळ करणं, कडा कापणं, थोडा उजेड वाढवणं, गाडीचा नंबर पुसट करणं, हे ठीक. भेग पुसणं, भिंतीचा रंग बदलणं, खिडकीसमोरच्या वायरी घालवणं, आभाळ निळं करणं, सुकलेलं लॉन हिरवं करणं, हे नाही. हल्ली फोनमध्येच एक बोट फिरवलं की डाग गायब होतो, त्यामुळे ही सीमा स्वतःच आखून घ्यावी लागते. मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: जे मी पुसतोय ते व्हिजिटच्या दिवशी तिथे असणार आहे का? असणार असेल तर पुसायचं नाही. टेबलावरचा पेपर पुसला तर हरकत नाही, छतावरची भेग पुसली तर आहे.

रिकाम्या घरात कॉम्प्युटरने सोफा, पलंग टाकून दाखवतात, तेही चालेल, पण फोटोवरच ठळक लिहा की फर्निचर काल्पनिक आहे आणि त्याच अँगलचा रिकामा फोटो लगेच बाजूला लावा. त्यात खोट्या फर्निचरची मापं बरोबर हवीत, नाहीतर डबल बेडच्या जागी लहान मुलाचा पलंग बसवून खोली मोठी दाखवली जाते.

तारीख लिहा आणि पाळा

जाहिरातीच्या पहिल्या ओळीतच लिहा, फोटो कुठल्या महिन्यातले, कुठल्या वर्षातले. फार कमी लोक हे करतात आणि घेणाऱ्यांना ते लगेच जाणवतं. घर विकलं गेलं नाही तर साधारण तीन महिन्यांनी फोटो परत काढा. त्याआधीही काढायचे ते पावसाळा संपल्यावर, भाडेकरू गेल्यावर, रंगकाम झाल्यावर, किंवा समोर काही नवीन उभं राहिल्यावर. जूनआधीचे फोटो ऑक्टोबरमध्ये वापरू नका, आपल्याकडे भिंतीचं खरं रूप पावसाळ्यानंतरच दिसतं.

आणि जुना संच सगळीकडून काढा, इथेच गाडी अडते. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग, नोब्रोकर, जिथे जिथे टाकलंय तिथून. एजंटना नवीन संच पाठवताना स्पष्ट सांगा की जुना वापरू नका, आणि चार दिवसांनी स्वतः घेणारा बनून आपल्या सोसायटीचं नाव टाकून शोधा. एजंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जुने फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतात, दुसऱ्याच विंगच्या चांगल्या फ्लॅटचे फोटो तुमच्या फ्लॅटला लावलेले सापडतात. असं दिसलं तर त्या एजंटला लेखी मेसेज करून काढायला लावा. रेरा कायद्याच्या कलम 10 मध्ये रजिस्टर्ड एजंटला खोटी, दिशाभूल करणारी माहिती देण्याची मनाई आहे, ते त्याला आठवण करून द्या. घेणारेही आता हुशार झालेत, फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघतात आणि तुमची जुनी भाड्याची जाहिरात समोर येते.

फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पद्धतीने पाठवले की क्वालिटी घसरते आणि फाइलमधली मूळ तारीखही निघून जाते. फाइलला नाव द्या, वर्ष, महिना, खोली, म्हणजे गोंधळ होत नाही. परदेशातून विकत असाल तर भाऊ, मेहुणा, शेजारी, कोणालाही हा लेख पाठवून एक शनिवार मागून घ्या, जुन्या आल्बमवर विसंबू नका.

बांधकाम चालू असलेल्या घराचं

बिल्डिंग अजून पूर्ण नसेल आणि तुम्ही बुक केलेला फ्लॅट विकत असाल तर सॅम्पल फ्लॅटचे फोटो आपले म्हणून टाकू नका. साइटचा आजचा फोटो आणि प्लॅन एवढंच. प्रोजेक्टच्या जाहिरातीत महारेराचा (राज्यात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाचा) क्यूआर कोड ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा आहे, तो स्कॅन करून मंजूर प्लॅन आणि ताबा द्यायची तारीख बघता येते, घेणाऱ्याला तीच माहिती द्या. बिल्डरने जाहिरातीतून किंवा सॅम्पल फ्लॅटमधून खोटं दाखवलं आणि त्यावर विसंबून कोणी पैसे भरले तर रेराच्या कलम 12 खाली भरपाई मागता येते, बाहेर पडून व्याजासकट पैसेही परत मागता येतात.

एक व्हिडिओ

बाहेरगावच्या घेणाऱ्यासाठी मेन डोअरपासून सुरू करून न थांबता, न कापता, हळू चालत सगळ्या घराचा एक व्हिडिओ काढा. मागे गाणं लावू नका. खिडक्या उघड्या ठेवा, रस्त्याचा आवाज येतो तेवढा येऊ दे. किचन आणि बाथरूममध्ये नळ सोडून पाण्याचं प्रेशर दाखवा, आणि पाणी दिवसातून किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, ते तोंडाने सांगा.

टोकन झालं की त्याच दिवशी सगळ्या जाहिराती बंद करा, पण फोटोंचा मूळ संच आणि घेणाऱ्याशी झालेले मेसेज खरेदीखत होऊन ताबा देईपर्यंत जपून ठेवा. ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून तीच यादी आणि तेच फोटो समोर धरून खोली-खोली फिरा, पंखे मोजा, गीझर चालू करून बघा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि मगच किल्ल्या द्या.